उलटा करून गुणा

कापणी चार दिवसांवर आली असताना मास्तरणीच्या हातात प्रशिक्षणाचा आदेश पडला. हेडमास्तरांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले. जुन्या भरतीतल्या, पाचवी ते सातवीला शिकवणाऱ्या सगळ्यांनी दहा दिवस केंद्रावर हजर राहायचं होतं. विषय गणित. त्यानंतर महिन्याभरात निरीक्षक येऊन प्रत्येकाच्या वर्गात बसणार, पाठ बघणार आणि शेरा लिहिणार. शेरा वाईट आला तर पुढे काय, हे आदेशात कुठंच नव्हतं. हेडमास्तरांनाही ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती, म्हणून त्यांना वगळलं होतं, आणि ते त्यांनी सही घेताना दोनदा सांगितलं.

तिनं सही केली. गणित हा शब्द तिनं पुन्हा एकदा वाचला, पण तोंडानं ती म्हणाली एवढंच, की कापणीचे दिवस आहेत.

"सरकारला पीक नसतं," हेडमास्तर म्हणाले.

शेत दोन भावांचं होतं, अजून न वाटलेलं. घरं शेजारी शेजारी, मध्ये गुडघाभर भिंत. मास्तरीण धाकट्या भावाची बायको. लग्न होऊन आली तेव्हा गावात दहावी झालेली ती एकटीच होती, आणि शाळेला कोणी शिक्षक टिकत नव्हता. तात्पुरती म्हणून तिला उभी केली, तात्पुरतीची कायम झाली, आणि त्याला आता वीस वर्षं होत आली. शाळा असली तरी कापणीत तिचा विळा चुकायचा नाही. पहाटे दोन तास, संध्याकाळी दोन तास. थोरली जाऊ कामाचा हिशेब बोटांवर ठेवायची: विळे पाच, दिवस बारा. त्यातला एक विळा आता दहा दिवस उणा होणार होता. केंद्राची बस उजाडता निघायची आणि परत यायला दिवस मावळायचा.

जावेनं सगळं ऐकून घेतलं. ती पाट्यावर विळ्याला धार लावत होती. पाणी टाकलं, पुन्हा घासलं, अंगठ्यानं धार बघितली.

"म्हणजे सरकार आता तुला शिकवणार," ती म्हणाली. "वीस वर्षांनी."

नवऱ्याला हसू आलं. मास्तरणीलाही हसावं लागलं.

केंद्रावरचे पहिले तीन दिवस नुसते बसून गेले. चाळीस शिक्षक, प्लास्टिकच्या खुर्च्या, खिडक्यांना काळे पडदे. भिंतीवर चित्रं पडायची आणि एक गोरागोमटा साहेब हातात काठी घेऊन शिक्षणाची उद्दिष्टं वाचून दाखवायचा. जे भिंतीवर होतं तेच तो वाचायचा. मागच्या रांगेत दोघं जण पाळीपाळीनं झोपत होते. एकानं झोपायचं, दुसऱ्यानं साहेबावर लक्ष ठेवायचं. मास्तरीण पडद्याची कड बोटभर सरकवून आभाळ बघायची. पश्चिमेला रोज दुपारी ढग जमत होते. तळहातावर आदल्या रविवारच्या कापणीचे फोड होते आणि पेन धरलं की ते चुरचुरायचे. दिवसाला तीन सह्या व्हायच्या, सकाळी, दुपारी आणि जाताना. तिच्या शेजारचा लठ्ठ शिक्षक म्हणाला की आपलं शिक्षण तिसऱ्या सहीला पूर्ण होतं.

चौथ्या दिवशी साहेब आला नाही. त्याच्या जागी एक किडकिडीत बाई आली, घसा बसलेली. तिनं पडदे उघडायला लावले, भिंतीवरची चित्रं बंद केली आणि खडू मागितला. खडू शोधायला दहा मिनिटं गेली. मग तिनं फळ्यावर एकच गणित मांडलं. पावणेदोन भागिले अर्धा.

उत्तर सगळ्यांनीच काढलं. मास्तरणीनंही काढलं. भागाकाराचा गुणाकार करायचा, दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचा, साडेतीन. हे ती झोपेतही म्हणाली असती. वर्गात ती मुलांकडून ते तालावर घोकून घ्यायची, उलटा करून गुणा, उलटा करून गुणा, आणि पुस्तकातली सोडवलेली गणितं टेबलाच्या खणात उघडी ठेवून फळ्यावर उतरवायची. ती स्वतः सहावीत होती ते वर्षभर तिच्या शाळेत गणिताला मास्तरच नव्हते. अपूर्णांकांच्या तासाला मुली अंगणात झाडलोट करायच्या. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

"उत्तर नको," किडकिडीत बाई म्हणाली. "हे गणित कुठं घडेल ते सांगा. एखादा प्रसंग सांगा, ज्यात पावणेदोनला अर्ध्यानं भागावं लागतं." आणि तिनं मास्तरणीकडे बोट केलं.

मास्तरीण उठली. शेतातलंच सुचलं, आणि सुचल्याचा तिला आनंदही झाला. ती म्हणाली की पावणेदोन पोती धान्य होतं, ते दोन भावांनी अर्धं अर्धं वाटून घेतलं.

"प्रत्येकाला किती आलं?"

"साडेतीन," मास्तरीण म्हणाली.

 मग शेजारचा लठ्ठ शिक्षक म्हणाला की असा भाऊ आम्हालाही मिळो, दोन पोती पुरती नसताना साडेतीन साडेतीन घेऊन जाणारा. सगळा हॉल हसला. झोपलेला जागा झाला आणि काय झालं म्हणून विचारू लागला. किडकिडीत बाई मात्र हसली नाही. ती म्हणाली की ही चूक या खोलीतल्या निम्म्या लोकांनी केली असती, फक्त बोट यांच्याकडे गेलं. पण मास्तरणीच्या कानात वारं भरल्यासारखं झालं होतं. पुढचं तिला काही ऐकू आलं नाही. तिसरी सही करताना तिचं नाव तिला ओळखू येईना.

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. ढग उतरलेत, पीक उभं आहे, असं ती नवऱ्याला म्हणाली, आणि त्याला ते पटलं. अंधुक असतानाच ती शेतात उतरली. डोक्याला फडकं घट्ट बांधलं, वाकली आणि सुटली. डाव्या हातानं मूठ धरायची, उजव्यानं खेचायचं, मूठ मागे टाकायची. पाठ भरून आली तरी ती उठली नाही. दीर दोन ओळी मागे पडला. जाऊ म्हणाली की एका दिवसात पाच दिवसांचं काढणार दिसतेस.

शेजारच्या ओळीत पुतणी होती. तिला घरीदारी घुमी म्हणत, कारण विचारल्याखेरीज ती बोलायची नाही. अठरा वर्षांची. दहावीला गणितात दोनदा नापास झाली आणि मग तिनं पुस्तकं माळ्यावर टाकली. पाचवी ते सातवी ती मास्तरणीच्याच हाताखाली होती. दोघी पाणी प्यायला बांधावर टेकल्या तेव्हा मास्तरणीनं सहज विचारावं तसं विचारलं, की दहावीत नक्की अडायचं काय?

घुमीनं तांब्या खाली ठेवला. "उलटं करायचं," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं ना काकू, उलटा करून गुणा. पण कधी करायचं ते मला कळायचं नाही. म्हणून मी सगळीकडेच करायचे. बेरजेतसुद्धा."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं होतं. सहावीत. तुम्ही म्हणालात, असंच असतं, पाठ कर."

एवढं सांगून ती उठली आणि पुन्हा ओळीला लागली. तक्रार केल्यासारखा सूरही तिच्या बोलण्यात नव्हता. मास्तरणीनं विळा हातात घेतला, पण त्या दिवशी पुढे तिचा हात चालला नाही. तिसऱ्या प्रहरी विळा घसरून तिच्या करंगळीला लागला. जखम बारीकच, पण तिनं ती बांधायलाही बराच वेळ लावला.

सहाव्या दिवशी उजाडायच्या आत ती बसच्या थांब्यावर उभी होती. नवरा चिडला होता. काल राहिलीस तर आज जायचं काय अडलंय, असं त्याचं म्हणणं होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं किडकिडीत बाईला जिन्यात गाठलं. बाईच्या एका हातात डबा होता, दुसऱ्यात फाइल, आणि तिला लगेच पलीकडच्या हॉलमध्ये जायचं होतं. मास्तरीण म्हणाली, मला अपूर्णांक येत नाहीत, अगदी सुरुवातीपासून येत नाहीत. बाईनं घड्याळ बघितलं. मग जिन्याच्या पायरीवर बसली, फाइलमधला कोरा कागद काढून त्याच्या पट्ट्या फाडल्या. एक पट्टी म्हणजे एक पोतं. घडी घालून अर्धं, पुन्हा घडी घालून पाव. वाटणी विसरा, ती म्हणाली. तुमच्याकडे अर्धं पोतं मावेल अशा पिशव्या आहेत. पावणेदोन पोती त्यात भरायचीत. किती पिशव्या भरतील? तीन भरल्या, शेवटची अर्धी राहिली. साडेतीन. भागायचं म्हणजे हेही असतं, यात ते किती वेळा मावतं ते बघायचं.

मास्तरणीनं मान हलवली. तिला एकदम हलकं वाटलं आणि रडूही येऊ लागलं, म्हणून तिनं पट्ट्या गोळा करायला घेतल्या. उरलेले दिवस रोज वीस वीस मिनिटं ती त्या पायरीवर बसली. लोक डबे घेऊन बाजूनं चढत उतरत होते. लठ्ठ शिक्षकानं एकदा विचारलं की बाई, भावाचं काय झालं?

शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म वाटला. त्यात एक रकाना होता: शिकवताना कठीण जाणारा घटक. सगळे लिहीत होते, निरंक. तिनं लिहिलं, अपूर्णांक, मला ते येत नव्हते. फॉर्म गोळा करणारा कारकून तो वाचून थबकला. बाई, इथं असं लिहीत नाहीत, वर आकडेवारी जाते, असं सांगून त्यानं तिला कोरा फॉर्म दिला. तिनं दुसऱ्या फॉर्मवरही तेच लिहिलं. त्यानं खांदे उडवले आणि तो गठ्ठ्याच्या मधोमध घुसवला.

दुसरा दिवस रविवार होता आणि शेताचा एक तुकडा अजून उभा होता. चौघं मोठे आणि घुमी पहाटेपासून लागले. हवा कोंडली होती. माश्या घामावर बसत होत्या. जाऊ पेंढ्या मोजत जात होती, आणि घुमीनं बांधलेली एक पेंढी तिच्या हातात सुटली. काड्या पसरल्या.

"साधी गाठ येत नाही हिला," जाऊ म्हणाली. "दहावीत काय दिवे लावणार होती. डोक्यात भुसा नुसता."

हे वाक्य मास्तरणीनं शंभरदा ऐकलं असेल. दर वेळी ती गप्प बसली होती, कधी हसलीही होती. आज ती ओळीतून उठून उभी राहिली. पाठीत कळ गेली.

"भुसा नाही, ताई," ती म्हणाली. "मीच शिकवलं नाही तिला. मला येत नव्हतं."

"काय येत नव्हतं?"

"अपूर्णांक. पुस्तकातलं बघून फळ्यावर उतरवायचे. तिनं विचारलं तेव्हा पाठ कर म्हणून सांगितलं."

दोघे भाऊ थांबले. घुमी गुडघ्यावर बसून काड्या गोळा करत होती, ती तशीच राहिली. जाऊ ओरडेल असं मास्तरणीला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दोनदा नापास झाली," जाऊ म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "दोन्ही वेळा मी हिला मारलं. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा तू माझ्या स्वयंपाकघरात बसली होतीस. चहा पीत होतीस."

"हो."

"आणि म्हणालीस, जाऊ द्या ताई, सगळ्यांनाच गणित येत नाही."

 जावेनं विळा फडक्यात गुंडाळला, मुलीला हाक मारली आणि बांधावरून घराकडे चालू लागली. भावाकडे न बघता दीरही गेला.

उरलेलं ती आणि नवरा दोघंच कापत राहिले.  संध्याकाळी पेंढ्या रचताना त्यानं विचारलं की हे सांगायचंच होतं तर कापणी झाल्यावर सांगता आलं नसतं का. तिला त्याचं म्हणणं खोटं वाटलं नाही. पण नंतर आपण सांगितलं असतं, असंही तिला वाटलं नाही. वीस वर्षं ‘नंतर’च चाललं होतं.

सोमवारी शाळेच्या आधी आणि शाळेनंतर दोघं राबले, मंगळवारीही तसंच. मंगळवारी दुपारी पाऊस आला. शाळेच्या पत्र्यावर तो ताडताड वाजू लागला तेव्हा मास्तरणीनं सातवीला शुद्धलेखन दिलं आणि ती दारात उभी राहून शेताच्या दिशेनं बघत राहिली. कोपऱ्यातलं उभं पीक आडवं झालं. रचलेल्या पेंढ्यांवर नवऱ्यानं घरातलं होतं नव्हतं ते टाकलं, तरी खालचा थर भिजला. शाळा सुटून मास्तरीण घरी आली तेव्हा मधल्या भिंतीपलीकडे जाऊ अंगणातलं पाणी उपसून काढत होती. मास्तरीण हातात बादली घेऊन भिंतीशी गेली. जावेनं वर बघितलं आणि ती आत निघून गेली. नंतर कितीतरी वेळ मास्तरीण तिथंच उभी होती आणि बादली भरत चालली होती.

निरीक्षक गुरुवारी आला, न कळवता. तरुण होता, पायजम्याला चिखल लागला होता आणि त्याला दुपारपर्यंत आणखी दोन शाळा गाठायच्या होत्या. हेडमास्तरांनी त्याला पाणी दिलं, चहाचं विचारलं, आणि मास्तरणीला डोळ्यांनी खुणावलं की सोपं काहीतरी घ्या. भूगोल घ्या. तो मागच्या बाकावर फॉर्म घेऊन बसला.

तिनं खण उघडला. पुस्तक तिथंच होतं, सोडवलेल्या गणितांचं पान दुमडलेलं. खण बंद करून तिनं फळ्यावर लिहिलं, पावणेदोन भागिले अर्धा. सहावीची मुलं लगेच सुरात म्हणू लागली, उलटा करून गुणा. तिनं हातानं थांबवलं. कागदाच्या पट्ट्या वाटल्या. पोती, पिशव्या, सगळं सांगितलं. मुलांना फाडायला मजा आली. दोन पट्ट्यांवरून भांडण झालं. एक, दोन, तीन पिशव्या भरल्या आणि ती म्हणाली, उरलं ते धरून साडेतीन.

तेव्हा दुसऱ्या बाकावरची एक बारकी मुलगी उभी राहिली. तिच्या हातात उरलेला तुकडा होता.

"बाई, हा तर पावचा तुकडा आहे. मग सव्वातीन व्हायला पाहिजे. साडेतीन कसे?"

 जिन्यात ती मान हलवून मोकळी झाली होती, कारण साडेतीन उत्तर तिला आधीच ठाऊक होतं. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तुकडा पावचाच होता. मग साडेतीन कसे?  ओठांवर शब्द तयार होते, वीस वर्षं सवयीचे, असंच असतं. मागच्या बाकावर पेन थांबलं होतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "थांब. बघू या."

तिनं तुकडा घेतला, टेबलावर ठेवला, उचलला, पोत्याच्या पट्टीशेजारी धरला. मुलं टेबलाभोवती आली. कुणी म्हणे पुस्तक चुकलंय, कुणी म्हणे पट्टी वाकडी फाटलीय. निरीक्षकानं दोनदा घड्याळ बघितलं. मग तो उठला, फॉर्म टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि सही मागितली. शेऱ्यात लिहिलं होतं: पाठ अपूर्ण. शिक्षिकेचे विषयज्ञान अपुरे. पुढील तुकडीत पुन्हा प्रशिक्षणास पाठवावे. तिनं वाचलं आणि सही केली. तो काही वाईट माणूस नव्हता. जाताना, गणित चांगलं निवडलंत, असंही म्हणाला.

तो फाटकाबाहेर पडला असेल नसेल, तोच त्या बारक्या मुलीनं पावचा तुकडा अर्ध्याच्या पट्टीवर ठेवला. तुकड्यानं अर्धी पट्टी झाकली.

"बाई, पिशवीची अर्धी," ती म्हणाली. "पोत्याची पाव, पण पिशवीची अर्धी."

मास्तरीण बघत राहिली. मग तिनं तिच्याकडून ते पुन्हा करून घेतलं, मग प्रत्येकाकडून. घंटा झाली तरी कुणी हललं नाही. हेडमास्तर दाराशी येऊन म्हणाले की भूगोल घेतला असता तर ही वेळ आली नसती.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला शेरा सांगितला. ओल्या पेंढ्या उन्हात पसरून त्याचे हात कुजक्या वासानं भरले होते. तो म्हणाला की म्हणजे पुन्हा दहा दिवस. ती हो म्हणाली. कधी, ते त्यानं विचारलं, आणि पुढची पेंढी उलगडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वर्ग उघडला, हजेरी घेतली आणि फळा पुसत होती तेव्हा दारात सावली पडली. जाऊ उभी होती. पायांना चिखल होता तसाच, शेतातून सरळ आलेली. मागे घुमी, छातीशी जुनी वही धरून. मुलं कुजबुजायला लागली. पलीकडच्या खोलीतून हेडमास्तर आले आणि त्यांनी चौकशी केली. घुमीचं नाव पटावर नाही, वय बसत नाही, तिला वर्गात घेता येणार नाही, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं.

"पटावर नको," जाऊ म्हणाली. "बाकावर बसू दे."

हेडमास्तरांनी मास्तरणीकडे बघितलं. मास्तरणीनं मागचा बाक रिकामा केला. घुमीचे गुडघे बाकाखाली मावेनात, तेव्हा ती तिरकी बसली. सहावीची पोरं वळून वळून बघू लागली. तिचे कान लाल झाले, पण तिनं वही उघडली.

जाऊ गेली नाही. दाराशी पाय पुसले आणि खाली, भिंतीला टेकून बसली.

"मागच्या खेपेला, ही सहावीत होती तेव्हाच, मी बसायला पाहिजे होतं," ती मास्तरणीला म्हणाली. "या खेपेला बसते. चालू कर."

मास्तरणीनं खडू घेतला. कुठून धरावं ते तिला सुचेना. शेवटी तिनं घुमीलाच विचारलं. घुमी म्हणाली की छेद म्हणजे काय तिथून सांगा. तिथून सांगायला मास्तरणीनं सुरुवात केली, पट्टी उंच धरली, घडी घातली, खालचा आकडा काय सांगतो आणि वरचा काय ते बोलली. कळलं का, म्हणून विचारलं. सगळ्या वर्गानं एका सुरात हो म्हटलं, आणि त्या सुरात घुमीनंही मान हलवली.

"नाही कळलं तिला," भिंतीजवळून जाऊ म्हणाली. "मी ओळखते तिची मान. परत सांग."

मास्तरणीनं परत सांगितलं.